महाकाव्याच्या शोधात

सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत दोन महाकाव्ये आकाराला आली. त्यांतील एकाचे नाव ‘इलियड’ आणि दुसऱ्याचे ‘ओडिसी’. ट्रॉय नगरीला ग्रीकांनी दहा वर्षे वेढा घातला होता. त्या वेढ्याच्या अखेरच्या वर्षातील थोड्या दिवसांची कथा ‘इलियड’मध्ये आली आहे. युद्ध संपल्यावर ओडिसिअस हा वीर नाना संकटे सोशीत दहा वर्षांनी आपल्या इथाका बेटावर कसा परतला, ते ‘ओडिसी’ सांगते. पहिल्या काव्यात साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी आहेत, तर दुसऱ्यात बारा हजारांहून अधिक. ही दोन्ही काव्ये होमर या महाकवीची, असे ग्रीक लोक परंपरेने मानीत. होमर आंधळा होता, अशी आख्यायिका होती. आणि तो आपल्याच गावचा, असे सांगण्यात ग्रीकांच्या अनेक नगरांमध्ये चढाओढ चालत असे.

या काव्यांनी पंडितांना फार मोठे कोडे घातले होते. ती आकाराला आली त्या काळी ग्रीकांना लिपीची ओळख नुकतीच होऊ लागली होती. मग एवढी विस्तृत आणि इतकी सुबद्ध काव्ये कोणी रचली तरी कशी, आणि ध्यानात ठेवली तरी कशी? 1795 साली फ्रीड्रिख वोल्फ या जर्मन पंडिताने असा विचार मांडला, की ही काव्ये मुळात लेखणीवाचून रचली गेली आणि पुढे त्यांचे निरनिराळे भाग एकत्र जोडण्यात आले. तेव्हापासून पंडितांत दोन तट पडले. हे अनेक हातांचे काम आहे, असे एका पक्षाचे मत होते. तर एवढे एकजीव काव्य एकाच प्रतिभावंताचे असले पाहिजे, असे दुसरा पक्ष आग्रहाने सांगे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा वाद चालला. ग्रंथांमागून ग्रंथ झाले, पण कोडे सुटले नाही. ते सोडविण्याची वाट ज्याने दाखविली, त्या मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाला आयुष्य लाभले ते अवघे तेहतीस वर्षांचे.

मिल्मन पॅरी याचा जन्म 23 जून 1902 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड या गावी झाला. घरची स्थिती साधारणच होती. शालेय शिक्षण संपवून तो जवळच्याच बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो ग्रीक भाषा शिकला आणि होमरच्या काव्याने त्याचे मन कायमचे वेधून घेतले.

होमर वाचीत असताना एक गोष्ट मिल्मनच्या मनाला सारखी टोचू लागली. या काव्यांत तेच ते शब्द पुनःपुन्हा येतात. अकिलीस हा वीर चपळ पायांचा म्हणून प्रसिद्ध. पण तो रुसून आपल्या तळावर स्वस्थ बसलेला असतो, तेव्हाही कवी त्याला चपळ पायांचाच म्हणतो. गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असतात, तरी त्यांना वेगवान हे विशेषण चिकटलेले असतेच. पहाट उजाडली, की तिचे वर्णन ठरावीक शब्दांत येते. वीर शस्त्रे अंगावर चढवू लागला, की ओळींमागून ओळी जशाच्या तशा पुन्हा येतात. कोणी पंडित याला दोष मानीत, तर कोणी त्या विशेषणांत खोल अर्थ शोधीत बसत. मिल्मनला मात्र वाटू लागले, की या पुनरावृत्तीतच काही रहस्य दडलेले असावे. 1923 साली एम. ए. च्या पदवीसाठी त्याने जो प्रबंध लिहिला, त्यात या विचाराचे बीज आहे. त्या वेळी तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

पुढील अभ्यासासाठी पॅरी पत्नीसह पॅरिसला गेले. तेथील सॉर्बोन हे विद्यापीठ जगभर प्रसिद्ध होते. परंतु तेथे प्रबंध सादर करावयाचा तर तो फ्रेंच भाषेत. पॅरी यांनी ती भाषा इतकी आत्मसात केली, की पुढे आपले प्रबंध त्यांनी फ्रेंचमध्येच लिहिले. त्या काळात त्यांनी होमरची काव्ये ओळीओळीने तपासली. कोणत्या वीराला कोणती विशेषणे लावली आहेत, ती ओळीच्या कोणत्या भागात येतात, किती जागा व्यापतात, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. काम कंटाळवाणे वाटावे असे होते. परंतु त्यातूनच हळूहळू एक सुंदर व्यवस्था त्यांच्या दृष्टीपुढे उलगडू लागली.

होमरच्या काव्याची प्रत्येक ओळ सहा गणांची असते आणि तिचे वृत्त लघु-गुरू अक्षरांच्या क्रमावर अवलंबून असते. त्यात एका अक्षराचीही ओढाताण खपत नाही. आता असा गायक डोळ्यांपुढे आणावा, की ज्याच्या हाती कागद नाही, लेखणी नाही. समोर श्रोते बसले आहेत आणि कथा पुढे न्यायची आहे. शब्द शोधण्यासाठी थांबायला त्याला सवड कोठून मिळणार? म्हणून त्याच्याजवळ वेगवेगळ्या मापांचे तयार शब्दसमूह असावे लागतात. अकिलीसचे नाव ओळीच्या शेवटी आणायचे असेल आणि जागा मोठी असेल, तर एक विशेषण. जागा लहान असेल, तर दुसरे. कसबी गवंड्याजवळ निरनिराळ्या मापांचे घडीव दगड रचून ठेवलेले असावेत आणि भिंतीत जेवढी जागा असेल तेवढा दगड त्याने हात लांबवून उचलावा, तसाच हा प्रकार होता.

पॅरी यांना आणखी एक नवल दिसून आले. एका वीरासाठी, ओळीतील एका मापाच्या जागेसाठी, बहुधा एकच शब्दसमूह योजलेला असे. निरुपयोगी असे काही नाही आणि उणेही काही नाही. इतकी मोठी आणि इतकी काटकसरीची व्यवस्था कोणा एका माणसाला एका आयुष्यात उभारता येणे शक्य नव्हते. ती गायकांच्या अनेक पिढ्यांनी घडविली असली पाहिजे. गुरूने शिष्याला दिली, शिष्याने तीत थोडी भर घातली, निरुपयोगी ते गाळले आणि उरलेले पुढच्या पिढीच्या हाती ठेवले. होमरची भाषा ही अशी परंपरेने आलेली भाषा आहे, असा सिद्धान्त पॅरी यांनी मांडला. 1928 साली सॉर्बोनने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेच्या वेळी एक महत्त्वाची गोष्ट घडली. आंत्वान मेये हे थोर भाषाशास्त्रज्ञ पॅरी यांच्या गुरूंपैकी एक होते. त्यांनी आपल्या शिष्याचे लक्ष एका नव्या गोष्टीकडे वेधले. लेखणीवाचून काव्य रचण्याची कला ही काही केवळ प्राचीन काळाची गोष्ट नाही. युरोपच्या आग्नेय भागातील डोंगराळ प्रदेशात तशा गायकांची परंपरा अजून जिवंत आहे, हे त्यांनी निदर्शनास आणले. मातिया मुर्को या नावाचे एक प्राध्यापक त्या परीक्षेस हजर होते. त्या गायकांच्या गावोगाव फिरून त्यांनी पुष्कळ माहिती गोळा केली होती. पॅरी यांनी त्यांचे लेखन वाचले आणि त्यांच्या विचाराला नवे वळण मिळाले.

त्यानंतर पॅरी अमेरिकेस परतले. एक वर्ष त्यांनी आयोवा राज्यातील ड्रेक विद्यापीठात अध्यापन केले आणि 1929 साली ते हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले. 1930 व 1932 साली प्रसिद्ध झालेल्या दोन दीर्घ लेखांत त्यांनी आपला विचार एक पाऊल पुढे नेला. होमरची भाषा केवळ परंपरागत आहे एवढेच नव्हे, तर ती गाता गाता काव्य रचणाऱ्यांची भाषा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ग्रंथालयात बसून एवढेच सांगता येण्यासारखे होते. पण पॅरी यांचे समाधान होईना. हजारो वर्षांपूर्वीच्या गायकाला प्रश्न विचारता येत नाहीत. त्याचे गाणे कानांनी ऐकता येत नाही. तर्क कितीही बिनतोड असला, तरी तो तर्कच. तो पडताळून पाहावयाचा, तर जिवंत गायकांकडेच जायला हवे होते. पुस्तकांतून उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुस्तके मिटून घराबाहेर पडण्याचा निश्चय त्यांनी केला.

त्या वेळी युरोपच्या आग्नेय भागात युगोस्लाव्हिया नावाचा देश होता. पुढे तो फुटून त्याचे अनेक देश झाले. तेथील डोंगरांत गुस्ले नावाचे एक वाद्य प्रचारात होते. त्याला एकच तार असते आणि ती गजाने वाजवितात. ते वाजवीत वीरकथा गाणाऱ्यास गुस्लार म्हणत. हे गायक शेतकरी, गुराखी, कारागीर असे साधे लोक असत आणि त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नसे. 1933 च्या उन्हाळ्यात पॅरी प्रथम तेथे गेले. ते तेथील भाषा शिकले, गायकांचा शोध घेतला आणि येथे करण्याजोगे केवढे तरी काम आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

दुसऱ्या वर्षी ते पूर्ण तयारीनिशी परतले. या वेळी पत्नी व मुलेही त्यांच्याबरोबर होती. समुद्रकाठच्या दुब्रोव्हनिक शहरी बिऱ्हाड करून तेथून ते डोंगरांतील गावांकडे मोटारीने जात. आल्बर्ट लॉर्ड हा नुकताच पदवीधर झालेला तरुण विद्यार्थी त्यांचा साहाय्यक होता. निकोला वुइनोविच नावाचा तेथलाच एक तरुण दुभाष्याचे आणि लेखनिकाचे काम करी. निकोला स्वतः गुस्लेवर गात असल्यामुळे गायकांशी कसे बोलावे, त्यांना काय विचारावे, हे त्याला नेमके ठाऊक होते. पॅरी यांनी ध्वनिमुद्रणासाठी एक खास यंत्र तयार करवून घेतले होते. त्या काळच्या तबकडीवर एका बाजूस अवघी चारेक मिनिटेच मावत. मग तासन् तास चालणारे गाणे मुद्रित करावयाचे कसे? पॅरी यांच्या यंत्रात दोन तबकड्यांची सोय होती. एक भरली, की दुसरी फिरू लागे. तोवर पहिलीच्या जागी नवी ठेवता येई. त्यामुळे गायकाला मध्ये थांबावे लागत नसे.

मुसलमान वस्तीच्या गावांत रमजानच्या महिन्यात रात्री कॉफीगृहांत लोक जमत आणि गुस्लार त्यांना कथा ऐकवीत. एखादी कथा एका बैठकीत संपे, तर एखादी अनेक रात्री चाले. श्रोते रंगलेले दिसले, की गायक वीराच्या घोड्याचे, त्याच्या पोशाखाचे, लग्नाच्या वऱ्हाडाचे वर्णन फुलवून सांगे. श्रोते चुळबुळ करू लागले, की तो कथा आवरती घेई. ऐकणाऱ्यांबरोबर गाणे वाढत असे आणि आखडतही असे.

पॅरी एकाच गायकाकडून तेच गाणे थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा म्हणवून घेत. गायक शपथेवर सांगत, की आपण त्यात एका शब्दाचाही बदल करीत नाही. पण तबकड्या ताडून पाहिल्या, तर दोन गाण्यांच्या ओळी निराळ्या असत. गायक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. ज्यांनी लिहिलेला शब्द कधी पाहिला नाही, त्यांना शब्द म्हणजे कागदावरची सुटी आकृती असे वाटत नसे. कथा तीच, प्रसंग तेच, म्हणून त्यांच्या मते गाणेही तेच. ते पाठ केलेले काव्य म्हणत नव्हते; परंपरेने आलेल्या शब्दसमूहांतून आणि प्रसंगांतून दर वेळी नव्याने काव्य रचीत होते. होमरविषयी पॅरी यांनी जे अनुमानाने सांगितले होते, ते त्यांच्या कानांसमोर घडत होते.

1935 च्या उन्हाळ्यात बिएलो पोल्ये या गावी पॅरी यांची अव्दो मेजेदोविच यांच्याशी गाठ पडली. हे गाव आज माँटेनिग्रो या देशात आहे. अव्दो साठीच्या आसपासचे होते. तरुणपणी त्यांनी तुर्कांच्या सैन्यात चाकरी केली होती. पुढे खाटकाचा धंदा केला आणि आता ते शेती करीत होते. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. गळ्याला गलगंड असल्यामुळे त्यांचा आवाजही गोड नव्हता. परंतु त्यांना 58 दीर्घ वीरगीते येत होती, आणि कथा सांगण्याच्या कलेत त्यांची बरोबरी करील असा दुसरा गायक पॅरी यांना भेटला नाही.

एकदा पॅरी यांनी त्यांची परीक्षा पाहिली. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाच्या गायकाला अव्दो यांनी कधीही न ऐकलेली एक कथा येत होती. ती त्यांनी मुमिनला गावयास सांगितली. अव्दो जवळच बसून ऐकत होते. गाणे संपले तेव्हा ते 2,294 ओळींचे भरले. तेव्हा पॅरी अव्दो यांच्याकडे वळले आणि आता हीच कथा तुम्हांला गाता येईल काय, असे त्यांनी विचारले. प्रसंग अवघड होता. कथा एकदाच कानांवरून गेली होती आणि मूळ गायक समोर बसलेला होता. अव्दो यांनी आधी मुमिनच्या गाण्याची मनापासून स्तुती केली. मग ते गाऊ लागले. कथा तीच राहिली. पण प्रसंगांना भरदारपणा आला, वर्णने खुलली, माणसांच्या मनांतील दुःख आणि निर्धार यांना वाचा फुटली. अव्दो थांबले, तेव्हा गाणे 6,313 ओळींचे झाले होते. एकदाच ऐकलेली कथा एका निरक्षर वृद्धाने, लेखणीच्या साहाय्याशिवाय, जागच्या जागी जवळजवळ तिपटीने विस्तारली होती.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अव्दो यांनी स्माइलागिच मेहो याच्या लग्नाची कथा अनेक दिवस सांगितली आणि निकोलाने ती लिहून घेतली. पूर्वी कोणी तरी एका छापील पुस्तकातून ती अव्दो यांना वाचून दाखविली होती. त्या पुस्तकात ती सुमारे दोन हजार ओळींची होती. अव्दो यांनी सांगितलेली कथा 12,311 ओळींची झाली. ‘ओडिसी’हून ती किंचित लांबच भरते. निरक्षर माणसाला एवढे मोठे काव्य रचता येणे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते द्यावयाचे?

1935 च्या शरद ऋतूत पॅरी हार्वर्डला परतले. साडेतीन हजारांहून अधिक तबकड्या आणि लिहून घेतलेल्या गीतांच्या वह्यांचे ढीग त्यांच्याबरोबर होते. या सर्व अनुभवांवर एक मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. ग्रंथाचे नाव ठरले होते. पहिली काही पाने लिहूनही झाली होती. पण 3 डिसेंबर 1935 रोजी लॉस एंजेलिस शहरातील एका हॉटेलात पिस्तुलाची गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. सामानातील पिस्तूल चुकून उडाले, अशी नोंद झाली. ग्रंथ तेथेच थांबला. तबकड्या होत्या, वह्या होत्या; पण त्यांचा अर्थ सांगणारा राहिला नव्हता.

आल्बर्ट लॉर्ड त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. गुरूचे अपुरे काम पुरे करण्याचे त्यांनी मनावर घेतले. वर्षानुवर्षे त्यांनी त्या गीतांचा अभ्यास केला आणि महायुद्धानंतर पुन्हा त्या डोंगराळ मुलखात जाऊन गायकांच्या भेटी घेतल्या. अखेर 1960 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुरूने आपल्या ग्रंथासाठी जे नाव योजले होते, तेच लॉर्ड यांनी आपल्या ग्रंथाला दिले. मराठीत त्याचा अर्थ ‘कथांचा गायक’ असा होतो. पुढे 1971 साली पॅरी यांचे चिरंजीव अ‍ॅडम पॅरी यांनी वडिलांचे सर्व लेखन एकत्र करून छापले. पॅरी यांनी जमविलेला संग्रह हार्वर्ड विद्यापीठात जतन केलेला आहे.

होमरची काव्ये प्रथम कागदावर कशी उतरली, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु त्या काव्यांमागे गायकांच्या अनेक पिढ्यांची तपश्चर्या उभी आहे, हे पॅरी यांच्यानंतर कोणाला नाकारता आले नाही. त्यामुळे होमरची थोरवी कमी झाली, असे मात्र मुळीच नाही. मुमिन आणि अव्दो यांच्याजवळ शब्दांचे भांडार एकच होते. तरी अव्दो यांचे गाणे निराळे झाले. परंपरेचे धन सर्वांना सारखे मिळते. त्यातून महाकाव्य उभे करणारा एखादाच निघतो.

‘ओडिसी’मध्ये एका राजसभेचे वर्णन आहे. तेथे देमोदोकस नावाचा आंधळा गायक येतो. सेवक त्याला हात धरून आणतात, मानाच्या आसनावर बसवितात, त्याचे वाद्य त्याच्या हाताला लागेल असे ठेवतात. आणि तो गाऊ लागला, की ओडिसिअससारख्या वीराच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात. प्राचीन ग्रीकांना गायकाची योग्यता ठाऊक होती. पुढे ग्रंथ वाढले, विद्या ग्रंथांत साठविली जाऊ लागली आणि ज्याला अक्षर येत नाही त्याला काहीच येत नाही, असे शहाणे लोक मानू लागले. हार्वर्डचे एक प्राध्यापक डोंगरातील कॉफीगृहात निरक्षर शेतकऱ्यांपुढे शिष्य होऊन बसले, तेव्हा तो मान त्या गायकांना पुन्हा मिळाला. आणि जे कोडे ग्रंथांना सुटले नव्हते, त्याचे उत्तर त्या शिष्याला त्यांच्या मुखातून ऐकावयास मिळाले.